वाचलेल्या बोटुकल्या विकू का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. आमची ट्राउटची छोटी हॅचरी आहे. ओढ्याचं पाणी पाटानं मातीच्या संगोपन तळ्यांत येतं. यंदा पिल्लं बोटभर व्हायच्या आतच त्यातली काही गरगर फिरायला लागली. खाद्य टाकलं की जास्तच. शेपटीकडचा भाग काळा पडला आणि बरीच मेली. तळ उकरला तर गाळातून केसासारख्या बारीक, लालसर अळ्यांचे पुंजके निघाले. एका जाणकारांनी सांगितलं, रोग या अळ्यांतूनच येतो. धाकटे दीर म्हणतात, तळ्यात कीटकनाशक टाकू आणि एकदाचं साफ करू. आम्ही तर याच अळ्या खालच्या डबक्यातून काढून पिल्लांना जिवंत खाद्य म्हणून घालत होतो. ते चुकलं का? वाचलेल्या बोटुकल्या, म्हणजे बोटभर झालेली पिल्लं, आता तरतरीत दिसतात, नीट खातात. एक शेतकरी सगळ्या घ्यायला तयार आहेत, थोडं नुकसान भरून निघेल. विकू ना? आणि मोठे मासे खायला चालतील का?

उत्तर : ताई, विकू नका. निदान तपासणीचा निकाल हातात येईपर्यंत तरी एकही जिवंत मासा तुमच्या आवाराबाहेर जाऊ देऊ नका. तुमचे बाकीचे प्रश्न महत्त्वाचे आहेतच, पण हा आधी, कारण बाकी सगळं पुढच्या हंगामात सुधारता येतं. जिवंत मासा एकदा दुसऱ्याच्या तळ्यात गेला, की तो परत आणता येत नाही.

तुमच्या पत्रातली लक्षणं वाचून मनात पहिल्यांदा येतो तो व्हर्लिंग डिसीज, म्हणजे गरगर फिरण्याचा रोग. तो मिक्सोबोलस सेरेब्रॅलिस नावाच्या परजीवीमुळे होतो. डोळ्यांना न दिसणारा हा जीव जेलीफिशच्या दूरच्या नात्यातला आहे. जेलीफिशच्या दंशपेशीत गुंडाळलेला धागा असतो तसाच धागा याच्याकडेही आहे, आणि माशाला चिकटण्यासाठी तो त्याचाच वापर करतो. तरीही नुसत्या लक्षणांवरून मी शिक्का मारणार नाही. थंड पाण्यातल्या एका जिवाणूच्या आजारातही पिल्लं अशीच गोल फिरतात आणि शेपटी काळी पडते. खाद्यात क जीवनसत्त्व कमी पडलं तर पाठीचा कणा वाकतो. म्हणून आधी मासे प्रयोगशाळेत पाठवायचे. गरगरणारे आणि वरवर धडधाकट दिसणारे, असे दोन्ही पाठवा, कारण धडधाकट माशांचा निकालच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर देईल. काही मासे बर्फावर ताजे आणि काही फॉर्मॅलिनमध्ये लागतील, पण नेमकं किती आणि कसे ते प्रयोगशाळेला विचारूनच ठरवा. आणि पिल्लांचं वय आवर्जून लिहून द्या. माशाच्या अंगात या परजीवीचे पक्के बीजाणू तयार व्हायला, पाणी किती थंड आहे त्यावर, दोन ते चार महिने लागतात. लहान पिल्लांच्या डोक्यात सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू दिसले नाहीत म्हणजे रोग नाही, असं होत नाही. अशा वेळी पीसीआर तपासणी मागून घ्या.

आता त्या अळ्यांकडे येऊ. त्या नीट समजल्या की दिरांच्या कीटकनाशकाचं उत्तर आपोआप मिळेल.

तळाचा खोऱ्याभर गाळ एका पांढऱ्या पसरट ट्रेमध्ये घ्या, वर बोटभर पाणी घाला आणि गढूळपणा बसू द्या. हळूहळू गाळातून लाल शेपट्या वर येतील आणि पाण्यात डुलायला लागतील. डोकं खाली चिखलात, शेपूट वर. खालून चिखल खायचा आणि वरून शेपटीनं प्राणवायू घ्यायचा, ही त्यांची रीत. ट्रेवर टिचकी मारा, सगळ्या शेपट्या एका झटक्यात आत जातील. अशा असल्या तर त्या ट्यूबिफेक्स कुळातल्या, म्हणजे गांडुळाच्या पाणथळ भावकीतल्या. खरं तर त्या अळ्या नव्हेतच, कृमी आहेत, त्यांचं पुढे माशीबिशी काही होत नाही. लाल रंग त्यांच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा. त्यामुळेच जिथे प्राणवायू जवळजवळ संपलेला असतो अशा काळ्या, वास मारणाऱ्या गाळातही त्या मजेत वाढतात. उरलेलं खाद्य आणि माशांची विष्ठा जिथे साचते तिथे त्यांची वस्ती सगळ्यात दाट. हा त्यांचा दोष नाही, त्यांना ते अन्न आपणच पुरवतो.

परजीवीला जगायला दोन यजमान लागतात : एक ट्राउट किंवा सामन कुळातला मासा आणि दुसरा ट्यूबिफेक्स ट्यूबिफेक्स हाच कृमी. लागण झालेला मासा मेला आणि कुजला की त्याच्या कूर्चेतले, म्हणजे मऊ हाडातले, बीजाणू गाळात पडतात. एकेक बीजाणू मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, टणक कवचाचा, आणि ओल्या गाळात दीर्घकाळ टिकणारा. कृमी चिखल खाताना तो गिळतो. त्याच्या आतड्यात सुमारे तीन महिने परजीवी वाढतो आणि मग पूर्णपणे वेगळं रूप घेऊन बाहेर पडतो. हे दुसरं रूप पाण्यात तरंगतं. त्याला लांबलचक तीन हात असतात, एकेक हात मिलिमीटरच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढा, बोटीच्या नांगरासारखा पसरलेला. पिल्लाच्या कातडीला तो लागला की आतले धागे सुटतात, पकड बसते आणि आतला जंतूंचा गठ्ठा कातडीत शिरतो. रिकामं कवच बाहेरच राहतं. पुढे ते जंतू मज्जातंतूंच्या वाटेनं कूर्चेपर्यंत पोचतात आणि ती खायला लागतात.

पिल्लाचं हाड अजून हाड झालेलं नसतं, ती सगळी कूर्चाच असते. म्हणून पिल्लू जितकं लहान तितका घात मोठा. कवटीच्या मागच्या भागातली आणि कण्याची कूर्चा सुजून आतल्या नसांवर दाब आला की पिल्लू सरळ पोहू शकत नाही. खाद्य दिसलं किंवा दचकलं की गरगरतं, दमतं, तळाशी पडतं. खाद्याच्या वेळी फिरणं वाढतं असं तुम्ही लिहिलंत, ते निरीक्षण फार नेमकं आहे. शेपटी काळी पडते तीही नसांवरच्या दाबामुळे, कारण त्या भागातल्या रंगपेशींवरचा ताबा सुटतो. पिल्लू बहुधा उपाशीच मरतं, कारण खाद्यापर्यंत त्याला पोचताच येत नाही.

हा सगळा प्रवास माणसाला उशिरा कळला. रोगाची नोंद 1893 मध्ये जर्मनीत झाली होती, पण तो एका माशाकडून दुसऱ्याकडे जातो कसा, हे पुढची जवळजवळ नव्वद वर्षं कोडंच होतं. आजारी माशातले ताजे बीजाणू निरोगी पिल्लांना दिले तर काहीच होत नसे. तेच बीजाणू चिखलात काही महिने राहिले की मग लागण होई. 1984 मध्ये वुल्फ आणि मार्किव या अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिलं, की चिखलातल्या ट्यूबिफेक्समधून गेल्याशिवाय बीजाणूला माशात शिरता येत नाही. तोवर माशातलं रूप आणि कृमीतलं रूप हे दोन निराळे जीव मानून शास्त्रज्ञांनी त्यांना वेगवेगळ्या गटांत टाकलं होतं. इतकं सांगण्याचं कारण व्यवहाराचं आहे. एका तळ्यातले दोन मासे एकमेकांना हा रोग देत नाहीत. मधला कृमी काढून टाका, साखळी तुटते.

म्हणूनच दिरांच्या म्हणण्यात अर्धं तथ्य आहे. वार करायचा तो या मधल्या दुव्यावरच. पण कीटकनाशकानं नाही. कृमी गाळात खोल असतात, त्यांच्या अंड्यांच्या कोषांना वरचं औषध सहज पोचत नाही. मासे मात्र त्या औषधानं नक्की मरतील, आणि तुमचं पाणी पुन्हा ओढ्यालाच मिळत असेल तर खालचं सगळं जीवनही मरेल. त्यातून गाळातले बीजाणू जिथल्या तिथेच राहतील. पुढच्या पाण्याबरोबर वरून नवे कृमी वाहून येतील, ते बीजाणू खातील आणि तीन महिन्यांत तुम्ही पुन्हा आज आहात तिथेच उभ्या असाल. दिरांना हे शांतपणे समजावून सांगा. त्यांची घाई कळते, हाताशी आलेली पिल्लं रोज मरताना बघवत नाहीत. पण बाटलीतून या रोगाला उत्तर नाही. माशाला देऊन हमखास बरं करणारं औषधही आज नाही. कुणी तसं विकायला आलं तर दारातूनच परत पाठवा.

करायचं ते काम अंगमेहनतीचं आहे, आणि त्याची सुरुवात पिल्लांपासून करायची. रेनबो ट्राउटच्या बाबतीत अभ्यासातून एक उपयोगी गोष्ट पुढे आली आहे : पिल्लू साधारण 9 आठवड्यांचं आणि 4 सेंटीमीटरचं होईपर्यंत जपलं, तर नंतर लागण झाली तरी गरगरणं, वाकणं, मरणं फारसं होत नाही, कारण तोवर हाडं बरीच पक्की झालेली असतात. तेव्हा पहिले दोन-अडीच महिने एकाही पिल्लाला मातीच्या तळ्याचं तोंड दाखवायचं नाही. अंडी उबवण्यापासून पुढे सगळं सिमेंटच्या किंवा फायबरच्या टाक्यांत, आणि पाणी झऱ्याचं किंवा विहिरीचं. झऱ्याचं तोंड मात्र बंदिस्त हवं. उघड्या झऱ्याच्या डबक्यात गाळ साचला तर तिथेही ट्यूबिफेक्स येतातच. तसं पाणी मिळण्यासारखं नसेल आणि ओढ्यावाचून गत्यंतर नसेल, तर पाणी आधी वाळूच्या गाळणीतून आणि मग अतिनील किरणांच्या दिव्यातून न्या. तीन हातांचं ते तरंगतं रूप नाजूक असतं, पाण्यात ते काही दिवसच जगतं आणि अतिनील किरणांपुढे टिकत नाही. पण पाणी गढूळ असेल तर किरण आत पोचत नाहीत, म्हणून गाळणी आधी. दिव्याची क्षमता तुमच्या पाण्याच्या प्रवाहाच्या हिशेबानं विकणाऱ्याकडून लेखी घ्या. खर्चाचं काम आहे, मला कल्पना आहे. पैसे एकाच ठिकाणी घालता येणार असतील तर ते पिल्लांच्या पाण्यात घाला, मोठ्या तळ्यांचं नंतर बघू.

मातीची तळी यंदा पूर्ण रिकामी करा. वरचा काळा गाळ खरवडून काढा, आणि तो ओढ्याच्या काठाला टाकू नका. पावसाचं पाणी त्यातून ओढ्याकडे वाहणार नाही अशा जागी नेऊन पसरा. तळ भेगा पडेपर्यंत उन्हात वाळू द्या. वाळणं हे या बीजाणूंना आणि कृमींना दोघांनाही मानवत नाही, ओलावा राहिला तर मात्र दोघंही टिकून राहतात. ज्या कोपऱ्यात पाणी झिरपत राहतं तिथेच सगळा घोटाळा होतो, तिथे कळीचा चुना मुरवा. हात, डोळे सांभाळा, आणि चुन्याचं पाणी ओढ्यात जाऊ देऊ नका. पुढेमागे जमलं तर संगोपन तळ्यांचा तळ सिमेंटचा करून घ्या. सिमेंटवर गाळ साचलेला दिसतो आणि धुताही येतो. तरी त्या गाळाचा थर आठवडेच्या आठवडे पडून राहिला, तर सिमेंटच्या टाकीतही कृमी होतात. उरलेलं खाद्य रोज काढायचं, हे त्यामागचं रोजचं काम.

मेलेला मासा दिसला की तासाभरात पाण्याबाहेर काढा. या एका सवयीला मी फार मोल देतो. बहुतेक बीजाणू मेलेल्या माशातूनच गाळात जातात, म्हणजे साखळी तोडण्याची ही सगळ्यात स्वस्त जागा आहे. मेलेले मासे पाण्यापासून लांब, खोल खड्ड्यात चुना घालून पुरा. बगळे, खंड्या यांना मिळू देऊ नका. पक्ष्याच्या पोटातून बीजाणू जिवंत बाहेर पडतात आणि विष्ठेबरोबर दुसऱ्या पाण्यात पोचतात. तळ्यांवर जाळी ताणायला हे एक कारण पुरेसं आहे. जाळी, बादल्या, गमबूट एका तळ्यातून दुसऱ्यात नेण्याआधी चिखल घासून धुवायचा आणि कडक उन्हात पूर्ण वाळवायचं.

आता जिवंत खाद्याचं. ताई, अपराधी वाटून घेऊ नका, ट्यूबिफेक्स हे पौष्टिक खाद्य म्हणून कितीतरी ठिकाणी वापरलं जातं. पण तुमच्या इथे ते आजपासून बंद. लागण झालेल्या कृमीच्या पोटात तीच तीन हातांची रूपं भरलेली असतात आणि असा कृमी खाल्ल्यानंही पिल्लाला लागण होते. शिवाय तुम्ही ते खालच्या डबक्यातून काढत होता, म्हणजे तळ्यांचं सांडपाणी जिथे साचतं तिथूनच. तिथे बीजाणू सगळ्यात जास्त पोचत असणार. बाहेरून विकत आणलेले जिवंत कृमीही नकोत, ते कुठल्या पाण्यातले आहेत हे आपल्याला कळत नाही. पिल्लांना सुरुवातीचं बारीक तयार खाद्य द्या. थोडे दिवस नाक मुरडतील, मग खातील.

हे फक्त ट्राउटचंच दुखणं आहे असं कुणी समजू नये, म्हणून इतर वाचकांसाठी एक नोंद. अमेरिकेत तळ्यांत वाढवलेल्या चॅनेल कॅटफिशच्या कल्ल्यांना असाच एक परजीवी सुजवतो, इतका की कल्ले खिम्यासारखे दिसतात आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. त्याचा मधला यजमान डेरो डिजिटाटा हा गाळातला दुसरा कृमी. परजीवी निराळा, कृमी निराळा, मासा निराळा, पण वाट तीच. कल्ल्यांचा असा त्रास दिसला की नुसतं पाणी ढवळून, हवा सोडून भागत नाही, गाळही बघावा लागतो.

पुन्हा तुमच्या बोटुकल्यांकडे. त्या तरतरीत दिसतात हे खरं असणार. ज्या पिल्लांना कमी लागण होते ती वाचतात, वाढतात, खातात. पण कूर्चेत शिरलेले बीजाणू त्यांच्या अंगात राहतात, बहुधा जन्मभर. तो शेतकरी त्या नेईल, वाढवेल, त्यातल्या काही मरतील आणि बीजाणू त्याच्या गाळात जातील. त्याच्या गाळात ट्यूबिफेक्स असतीलच, कारण ते जवळजवळ सगळीकडे असतात. पुढच्या हंगामात त्याची नवी पिल्लं गरगरायला लागतील, आणि खापर कशावर फोडायचं हेही त्याला कळणार नाही. त्याचं पाणी नदीला मिळत असेल तर गोष्ट तिथेही थांबत नाही. हा परजीवी खंडोखंडी पोचला तो मुख्यतः माणसानं हलवलेल्या माशांबरोबर. अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या मॅडिसन नदीच्या वरच्या पट्ट्यात 1990 च्या दशकात या रोगाच्या फैलावानंतर रेनबो ट्राउटची संख्या जवळपास 90 टक्क्यांनी घसरली. तळं उपसून वाळवता येतं, नदी नाही. त्यामुळे उरलेली पिल्लं ओढ्यात सोडून देऊ, असाही विचार कुणी घरात काढला तर तो तिथल्या तिथे मोडून काढा.

त्या शेतकऱ्याला फोन करा आणि खरं ते सांगा. 'पिल्लांना रोग असण्याची शंका आहे, तपासणीला दिली आहेत, निकाल येईपर्यंत देऊ शकत नाही,' एवढं पुरे. तुम्हाला वाटतंय की नाव खराब होईल. माझा अनुभव उलट आहे, या धंद्यात असं सांगणाऱ्याकडूनच लोक पुढे वर्षानुवर्षं बीज घेतात. तपासणीत रोग निघाला तर मत्स्य विभागालाही कळवा. अनेक ठिकाणी ते बंधनकारक असतं आणि लागण झालेले जिवंत मासे हलवायला मनाई असते.

नुकसानीचं म्हणाल तर एक बाजू तुमच्या बाजूची आहे. हा रोग अंड्यांतून जात नाही. तुमचे जनक मासे चांगले असतील, तर त्यांची अंडी आयोडीनच्या द्रावणात निर्जंतुक करून, स्वच्छ बंदिस्त पाण्यात उबवून नवी, निरोगी बॅच काढता येईल. अंड्यांतून बाहेर आल्यावर दोनच दिवसांत पिल्लू लागण घेऊ शकतं, म्हणून पाण्याची सोय आधी, अंडी नंतर. वाचलेल्या बोटुकल्याही फेकून द्यायची गरज नाही. रोग निघाला तरी मत्स्य विभागाची परवानगी असेल तर तुमच्याच एका तळ्यात वेगळ्या ठेवा आणि खाण्याजोग्या झाल्या की तिथेच साफ करून विका. पैसे उशिरा येतील, पण येतील. फक्त त्या तळ्याचं पाणी पिल्लांच्या टाक्यांकडे कधीही वळवू नका. ज्यांचा कणा फार वाकला आहे किंवा ज्या खाऊ शकत नाहीत, त्यांना मात्र उपाशी झुरत ठेवू नका. पशुवैद्यकाला विचारून त्यांना वेदनारहित मरण द्या.

आणि हो, मासे खायला चालतात. हा परजीवी माणसाला लागत नाही, शिजवलेल्याचा तर प्रश्नच नाही. डोकी आणि काटे मात्र ओढ्यात किंवा उकिरड्यावर नकोत, कारण बीजाणू त्यांतच असतात. तेही मेलेल्या माशांच्याच खड्ड्यात, चुन्याखाली. प्रयोगशाळेचा निकाल आला की मला कळवा, आणि त्याबरोबर तुमच्या ओढ्याची, पाटाची आणि तळ्यांची कच्ची आकृती काढून पाठवा. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते दिसलं, की टाक्या कुठे बसवायच्या ते मला नेमकं सांगता येईल.